पणजीचा काळा शालू : दीडशे वर्षांपूर्वीचा फोटो उघडायचा, वाचायचा आणि ठेवायचा कसा

गेल्या पितृपक्षाच्या आधी मंगळवार पेठेतल्या एक आजी दुकानात आल्या. वय ८१. पिशवीत पितळी खटक्याचा, जाड पानांचा जुना अल्बम. "ह्यातला हा एक सोड, बाकीचे फ्रेम कर, बाळ," म्हणाल्या. सोडायचा फोटो त्यांच्या पणजीचा होता. खुर्चीवर बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, डोक्यावरून पदर, अंगावर रुंद काठाचा काळाशार शालू. अल्बमच्या पुढच्याच खिडकीत एक दाढीवाला गोरा पाद्री. घरात चार पिढ्या एकच गोष्ट चालत आलेली: पणजी लग्नानंतर पाद्र्यांकडे गेली, म्हणून काळं नेसली, म्हणून तिचा फोटो कधी भिंतीवर लागला नाही.

मी पापाची तिकटीजवळ ३८ वर्षं फ्रेम बांधतोय, माझ्याआधी वडील बांधायचे. पितृपक्ष आला की कोल्हापूरच्या पेठांतून, कागलहून, गडहिंग्लजहून लोक आजा-पणजाचे फोटो घेऊन येतात. बहुतेक फोटो १९३० नंतरचे असतात. पण वर्षाला पाच-सहा तरी असे येतात की हातात घेताच कळतं, हा आधीच्या शतकातला आहे. अशा फोटोबरोबर घरात एक गोष्ट आलेली असते आणि लोक त्या गोष्टीवरून फोटो वाचतात. मला हे उलटं वाटतं. आधी वस्तू बघा: कागद, पुठ्ठा, पाठ, रंग. मग माणसं बघा. गोष्ट शेवटी. आजींच्या अल्बमचं काम मी ह्याच क्रमानं केलं. तुमच्या घरातला फोटो तुम्हाला कसा बघता येईल ते त्याच क्रमानं सांगतो.

उघडताना

फोटो फ्रेममध्ये असेल तर आधी आहे तसा, भिंतीवरचाच, मोबाईलवर टिपून ठेवा. उघडताना काही बिघडलं तर निदान तेवढं हाती राहतं.

टेबलावर मऊ सुती कापड पसरा, त्यावर फ्रेम काच खाली करून ठेवा. मागच्या चुका, म्हणजे बारीक खिळे, हातोडीनं ठोकून काढायच्या नाहीत. गंजलेली चूक ठोकली की तुटते आणि तिचं टोक पुठ्ठ्यातून फोटोत घुसतं. बारीक पकडीनं, एकेक, सरळ रेषेत ओढा. मागची फळी उचलण्याआधी थांबा. जुन्या फ्रेममध्ये फळी आणि फोटोच्या मधे काय काय सापडतं हे मी पाहिलंय: लग्नाची याद, सावकाराची पावती, मोडीतली चिठ्ठी, 'केसरी'चं पान. ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं टिपत जा. वर्तमानपत्राची तारीख मिळाली की लोक खूश होतात, पण ती फ्रेम बांधल्याची तारीख असते. फोटो त्याच्या वीस वर्षं आधीचाही असू शकतो. माझ्या वडिलांनी १९६० साली बांधलेल्या फ्रेममध्ये १९६० सालचाच पेपर निघतो, आत पणजोबा असले तरी.

फोटो काचेला चिकटलेला दिसला तर ओढायचा नाही. वाफ नको, ओला बोळा नको, केस वाळवायचं यंत्र तर नकोच. काचेसकट तसाच ठेवा आणि काचेतूनच स्कॅन करा. चिकटतो तो ओलीमुळे. आपल्याकडे पूर्वजांच्या फोटोला काचेवर गंध-कुंकू लावतात, हार घालतात. ते पाणी काचेच्या खालच्या कडेनं आत उतरतं, म्हणून फोटोचा खालचा भाग आधी जातो. मूळ फोटोला कुंकू लावू नका. त्याची प्रत काढा, ती भिंतीवर लावा, तिची पूजा करा. पूर्वजांचा मान त्यात कमी होत नाही.

अल्बम असेल तर वेगळी काळजी. त्या काळच्या अल्बमचं पान म्हणजे दोन पुठ्ठे आणि मधे पोकळी. फोटो खालच्या फटीतून आत सरकवलेला असतो. नखानं ओढला की पान फाटतं. गुळगुळीत कागदाची बोटभर रुंद पट्टी फटीतून फोटोच्या मागे सरकवा आणि पट्टीच्या आधारानं फोटो अलगद खाली घ्या. अडकला तर सोडून द्या. आणि काढण्याआधी कुठल्या खिडकीत कोण होतं ते लिहून ठेवा. अल्बमचा क्रम हीसुद्धा कुणीतरी विचार करून मांडलेली गोष्ट आहे.

काय आहे ते ओळखणं

ह्यासाठी एकच हत्यार लागतं: सोनाराचं भिंग. मी माझं गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ गल्लीतून घेतलं, दहा पट मोठं दाखवणारं. दुकानात माझ्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जातं ते हेच.

एकोणिसाव्या शतकातले आपल्याकडे सापडणारे बहुतेक फोटो अल्ब्युमिनचे, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकावर छापलेले. ही रीत १८५० साली फ्रान्समध्ये निघाली आणि शतक संपेपर्यंत चालली. कागद अगदी पातळ असतो, मोकळा ठेवला की गुंडाळी होते. म्हणून तो कायम पुठ्ठ्यावर चिकटवलेला मिळतो. रंग तपकिरी-जांभळट, उजेडाच्या जागा पिवळ्या पडलेल्या. भिंगातून बघितलं की कागदाचे तंतू दिसतात आणि वर तुपाच्या सायीला पडाव्यात तशा बारीक भेगा. तंतू दिसत नाहीत, पृष्ठ गुळगुळीत आहे, कडेला तिरक्या उजेडात निळसर चांदीसारखी झाक मारते, असं असेल तर तो जिलेटिनचा कागद. बहुतेक करून शेवटच्या दशकांतला किंवा विसाव्या शतकातला.

क्वचित एखादा फोटो असा निघतो की शंभर वर्षांनीही काळा-करडा, जराही न उडालेला, आणि समोरच्या पानावर त्याची फिकट पिवळी छाया उमटलेली. तो प्लॅटिनमचा असण्याची शक्यता मोठी. छाया उमटलेला समोरचा कागदही फोटोबरोबरच ठेवा.

काचेवरचा फोटो असेल तर मागचं काळं रोगण जिथं निघालंय तिथं मागे पांढरं कापड धरून बघा. उलटा, निगेटिव्हसारखा दिसायला लागला तर तो ॲम्ब्रोटाइप. मागच्या काळ्या रोगणामुळेच तो सरळ दिसतो. रोगणाचे पोपडे निघाले की चेहऱ्याला भोक पडल्यासारखं वाटतं, पण प्रतिमा काचेवर शाबूत असते. मागे काळा कागद धरला की चेहरा परत येतो. ही काच पुसायची नाही, धुवायची तर मुळीच नाही. पत्र्यावरचा असेल तर लहान चुंबक मागच्या बाजूनं कडेशी नुसतं जवळ न्या, ओढ लागली तर तो लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप. आरशासारखा चकाकणारा, हलवला की कधी सरळ कधी उलटा दिसणारा असेल तर तो डॅगेरोटाइप. त्याची पेटी उघडू नका, पृष्ठाला बोट लावू नका, थेट संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

काचेवरचे आणि पत्र्यावरचे हे फोटो बहुधा आरशातल्यासारखे उलटे असतात. ओळखायचं कसं? नथ डाव्या नाकपुडीत असते, जानवं डाव्या खांद्यावरून येतं. फोटोत दोन्ही दुसऱ्या बाजूला दिसली की फोटो उलटा. मग "पणजोबा डावखुरे होते, बघा तलवार कुठल्या हातात" ही गोष्ट तिथंच संपते.

आता मापं. पुठ्ठा साधारण अडीच बाय चार इंच असेल तर ते कार्त द व्हिजित. १८५४ साली पॅरिसमध्ये दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरनं त्याचं पेटंट घेतलं आणि १८६० नंतर ते जगभर गेलं. सव्वाचार बाय साडेसहा इंच असेल तर कॅबिनेट कार्ड, १८६६ च्या सुमारास निघालेलं. सुरुवातीचे पुठ्ठे पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे, १८७० नंतर कोपरे गोल व्हायला लागले, पुढे पुठ्ठा जाड, कडा तिरक्या कापून सोनेरी. पाठीवर आधी नुसतं नाव, नंतर वेलबुट्टी, मुकुट, प्रदर्शनात मिळालेली पदकं. पदकावर साल असेल तर फोटो त्या सालचा किंवा नंतरचा, एवढं पक्कं. जुने पुठ्ठे संपेपर्यंत वापरले जायचे, म्हणून कोपऱ्यावरून दशक धरा, साल धरू नका.

पाठीवर मुंबईचं नाव दिसलं तर दचकू नका. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, भाऊ दाजींचे धाकटे बंधू नारायण दाजी तिथले नावाजलेले फोटोग्राफर, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओही त्याच काळातला. कोल्हापुरात रेल्वे आली १८९१ साली. त्याआधी मुंबईचा छाप असलेला फोटो घरात असेल तर एक तर कुणी बैलगाडी-टांग्यानं, मग पुढे रेल्वेनं तिकडे गेलं होतं, नाहीतर कुणी तो आणून दिला, पाठवला. दोन्ही गोष्टी घराण्याबद्दल काहीतरी सांगतात. पाठीवर पेन्सिलीनं एखादा आकडा असतो, तो बहुधा निगेटिव्हचा क्रमांक. तो टिपून घ्या.

आणि पडदा बघा. मागे रंगवलेले खांब, कठडा, समुद्र, झाडी. मी एका वहीत गेली पंधरा वर्षं पडद्यांची, खुर्च्यांची आणि गालिच्यांची चित्रं काढून ठेवतोय. कठड्याचा तिसरा खांब तुटका असलेला एक पडदा तीन वेगवेगळ्या घरांच्या फोटोंत सापडलाय. तिघांपैकी एकाच पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव होतं, पण आता तिघांचाही स्टुडिओ कळला. खुर्ची, घड्याळ, पुस्तक, फुलदाणी मात्र स्टुडिओची असायची. हातात पुस्तक दिसलं म्हणून आजा शिकलेला होता असं धरू नका.

पायांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसला तर तो मान स्थिर ठेवायचा टेकू. काही सेकंद न हलता बसावं लागे. आजकाल मोबाईलवर फिरतं की असा स्टँड दिसला म्हणजे माणूस मेलेला होता, त्याला टेकवून फोटो काढला. हे खोटं आहे. तो हलका टेकू मृत देहाचं वजन पेलूच शकत नाही. तो जिवंत माणसानं हलू नये म्हणून होता. बाळाचा हात धूसर आला असेल तर त्या बाळानं तेवढ्यात हात हलवला एवढाच त्याचा अर्थ.

काळं म्हणजे काळं नव्हे

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

१८५१ साली आर्चर नावाच्या इंग्रजानं काढलेली ओल्या कलोडियनची रीत पुढची तीसेक वर्षं चालली. काचेवर रसायन लावायचं, ओलं असतानाच फोटो घ्यायचा, लगेच अंधारात धुवायचा. ह्या काचेला निळा रंग दिसायचा, लाल दिसायचाच नाही. पिवळा आणि हिरवाही फार कमी. १८८० च्या आसपास तयार कोरड्या काचा आल्या, तरी त्याही लालच्या बाबतीत आंधळ्याच होत्या. म्हणून लाल वस्तू फोटोत काळी येते. निळी वस्तू पांढरट येते. निळे डोळे काचेच्या गोटीसारखे फिके येतात, गोऱ्या पाद्र्यांच्या फोटोत हे नेहमी दिसतं. आकाश कोरं येतं. आणि आपली गव्हाळ, सावळी कातडी असते त्यापेक्षा कितीतरी काळी येते. "आमचे पणजोबा एवढे काळे होते होय?" असं विचारणाऱ्या किती जणांना मी सांगितलं असेल, की नाही, ती काच तशी होती.

ह्याचा आपल्या घरांवर काय परिणाम होतो बघा. लाल पागोटं काळं दिसतं. लाल शालू काळा दिसतो. कुंकू काळं दिसतं. हळदीचा पिवळा गडद दिसतो. विधवेचं लाल आलवणही काळंच दिसतं. म्हणजे नवी नवरी आणि सोवळी बाई ह्यांचं वस्त्र फोटोत एकाच रंगाचं येऊ शकतं. फरक कपाळावर, गळ्यात आणि डोक्यावरच्या पदराखाली शोधावा लागतो.

हे शब्दांनी पटत नाही, करून बघा. स्टेशनरीच्या दुकानात सजावटीचा निळा जिलेटिन कागद मिळतो. त्याच्या दोन-तीन घड्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर धरा, लाल साडी नेसलेल्या, कुंकू लावलेल्या कुणाचा तरी फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करा. अगदी तंतोतंत नाही, पण कलोडियनच्या काचेला जग कसं दिसत होतं त्याचा अंदाज येतो.

आजी त्या दिवशी लाल काठापदराची साडी नेसून आल्या होत्या. मी त्यांचाच फोटो निळ्या कागदातून काढून दाखवला. साडी काळी, कपाळावरचं कुंकू काळं. त्या बराच वेळ मोबाईल हातात धरून बसल्या. मग मी भिंग दिलं आणि पणजीच्या कपाळावर बघा म्हटलं. पदराच्या कडेखाली कुंकवाची आडवी चिरी होती, शालूच्याच रंगाची काळी. गळ्यात मंगळसूत्र, नाकात नथ, हातात तोडे आणि पाटल्या.

म्हणूनच यंत्राकडून जुने फोटो रंगवून घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. ते यंत्र काळा शालू बघून काळा किंवा गडद निळाच रंग भरतं, पागोट्याला राखाडी करतं. एकदा ते चित्र नातेवाइकांच्या ग्रुपवर गेलं की पुढची पिढी त्यालाच खरं मानते. हौस असेल तर करा, पण त्यावर ठळक लिहा की रंग अंदाजानं भरलेत, आणि मूळ फोटो शेजारीच ठेवा.

त्या काळात हातानं रंगवलेले फोटोही असत. दागिन्यांवर सोनेरी, गालावर गुलाबी, शेल्यावर हिरवा. १९९४ साली माझ्याकडे असा एक फोटो आला. मी धूळ समजून ओला कापूस फिरवला आणि ठुशीचं सगळं सोनं कापसावर आलं. ते घर आजही माझ्याकडे येतं, त्यांनी मला एक शब्द बोलला नाही. मी तो कापूस फेकला नाही, गल्ल्यात ठेवलाय. मूळ फोटोवर पाणी, थुंकी, स्पिरिट, ब्रेड, खोडरबर काहीही चालवू नका. कोरडा, मऊ ब्रश, मधून कडेकडे, तेवढंच. तेही पृष्ठ सुटत नसेल तर.

पाठीवरची अक्षरं

पाठ वाचताना खिडकीशी जा आणि उजेड बाजूनं पडू द्या. उडालेली पेन्सिल सरळ उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात तिची खाच दिसते.

मोडी असेल तर घाबरू नका आणि अंदाजानं वाचूही नका. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत. पुराभिलेखागारात मोडी कागदांचाच संसार आहे, तिथं विचारलं तर वाट सापडते. मोबाईलवरचा स्वच्छ फोटो घेऊन जा, मूळ घेऊन फिरू नका.

तारीख बहुधा शकात असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन, आणि पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतच्या तारखेला ७९. कित्येकदा शक न लिहिता नुसतं संवत्सराचं नाव लिहिलेलं असतं. तेव्हा हा हिशेब करा: शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक, प्रभवपासून मोजून. पणजीच्या फोटोमागे मोडीत "वैशाख, तारण" एवढंच होतं. तारण हा अठरावा. शके १८०६ मध्ये १२ मिळवले की १८१८, ६० नं भागून बाकी १८. जमलं. ६० वर्षं मागे गेलं तर शके १७४६, म्हणजे १८२४, तेव्हा फोटोग्राफी जगातच नव्हती. ६० पुढे गेलं तर १९४४, तेव्हा असले पुठ्ठे नव्हते. उरलं १८८४, एप्रिल-मे. शाहू महाराजांचं दत्तकविधान त्याच वर्षी १७ मार्चला झालं होतं, म्हणजे गावात तेव्हा तोच विषय ताजा असणार. पुठ्ठा गोल कोपऱ्याचा, जाड, कडेला सोनेरी. वस्तू आणि तारीख एकमेकांना धरून होती.

तारीख आणि पुठ्ठा जुळले नाहीत तर दोन शक्यता: पाठीवरचं कुणी मागाहून आठवून लिहिलंय, नाहीतर जुन्या फोटोचा पुन्हा फोटो काढून नव्या पुठ्ठ्यावर लावलाय. दुसऱ्या प्रकारात भिंगातून चित्र जरा मऊ दिसतं आणि कधी मूळ पुठ्ठ्याची कडही फोटोत येते.

पाद्री, स्वामी, भट्टारक

धर्मगुरूंच्या फोटोत तर घाई फारच होते. भगवं वस्त्र त्या काचेवर गडद येतं, पाद्र्याचा काळा झगाही गडद येतो. दाढी दोघांना. मी एका घरात मठाधिपतींचा फोटो "फादर" म्हणून आणि दुसऱ्या घरात पाद्र्याचा फोटो "गुरुमहाराज" म्हणून पूजेत पाहिलाय. कपडे सोडा, हात बघा. दंड आणि कमंडलू असेल तर संन्यासी. मोरपिसांची पिंछी असेल तर जैन परंपरा, आणि कोल्हापुरात लक्ष्मीसेन मठ असल्यामुळे भट्टारकांचे, म्हणजे जैन मठाधिपतींचे फोटो जैन घरांतून निघतात. गळ्यात किंवा तळहातावर इष्टलिंग, कपाळावर विभूतीचे पट्टे असतील तर लिंगायत स्वामी.

पाद्र्यांत पुन्हा फरक. अँग्लिकन पंथाचा असेल तर पायघोळ झगा आणि वर पांढरा सैल अंगरखा दिसू शकतो. अमेरिकन मिशनचे पाद्री बहुतेक वेळा साध्या काळ्या लांब कोटात, गळ्याला टाय, म्हणजे दिसायला एखाद्या वकिलासारखे. मराठी ख्रिस्ती उपदेशक पागोटं, लांब अंगरखा, खांद्यावर उपरणं अशाच वेषात असू शकतो, शेजारच्या कारकुनापासून वेगळा काढता येणार नाही असा.

कोल्हापुरात दाढीवाला गोरा पाद्री दिसला की लोक लगेच वाइल्डरसाहेब म्हणतात. रॉयल वाइल्डर इथे आले १८५२ साली, वारले १८८७ साली, आणि त्यांच्या नावाचं चर्च गावात आहे म्हणून नाव जिभेवर असतं. पण मिशनमध्ये माणसं बदलत गेली, दाढ्याही पुष्कळ होत्या. नाव हवं असेल तर 'ज्ञानोदय' ह्या ख्रिस्ती नियतकालिकाचे जुने अंक आहेत, १८४२ पासूनचे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कागद फिलाडेल्फियाच्या त्यांच्या इतिहास संस्थेत आहेत, तिथं ईमेलनं विचारता येतं. राजघराण्यातल्या किंवा दरबारातल्या माणसाचा संशय असेल तर नवीन राजवाड्यातल्या संग्रहालयात जाऊन तिथले फोटो डोळ्यांनी ताडून बघा. पागोटं, अंगरखा आणि दागिने ताडून बघायला तिथल्यासारखी दुसरी जागा गावात नाही.

आणि पाद्र्याचं कार्ड घरात आहे म्हणजे घर ख्रिस्ती झालं असं होत नाही. कार्त द व्हिजित देण्या-घेण्यासाठीच असत. शाळेतले मास्तर, औषध देणारा डॉक्टर, साहेब, मित्र, सगळ्यांची कार्डं एकाच अल्बममध्ये जायची. मिशनच्या शाळेत शिकलेल्या मुलाकडे पाद्र्याचं कार्ड असणं अगदी स्वाभाविक. तसंच कुणी ख्रिस्ती झालं असेल तर त्यात झाकून ठेवण्यासारखंही काही नाही. तोही त्या घराचा इतिहास, त्याचाही फोटो भिंतीवर लागला पाहिजे.

स्कॅन आणि कपाट

स्कॅन रंगीतच करा, फोटो काळा-पांढरा वाटला तरी. लहान कार्डाला १२०० डीपीआय, कॅबिनेटला ६०० पुरे. टिफ फाइल मूळ म्हणून ठेवा, पाठवायला जेपेग. दोन्ही बाजू, पूर्ण पुठ्ठ्यासकट. कडा कापू नका, निम्मी माहिती कडेवरच असते. कागद आत ओढून घेणाऱ्या मशीनमध्ये कधीही घालू नका. स्कॅनर नसेल तर पावसाळी ढगाळ दिवशी खिडकीशी, वरून सरळ, मोबाईलनं.

लॅमिनेशन नको. फेव्हिकॉल नको, चिकटपट्टी नको. चिकट पानांचे प्लास्टिकचे अल्बम नकोत. पुठ्ठ्यावरून फोटो सोडवू नका, पुठ्ठा त्याचाच भाग आहे. प्रत्येक फोटो आम्लरहित कागदाच्या घडीत, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, आडवा. खोकं बाहेरच्या भिंतीला लागून नको, माळ्यावर नको. आपल्या गावात आषाढ-श्रावणात भिंती ओल धरतात, त्यात कसर आणि बुरशी दोन्ही वाढतात. मधल्या खोलीतलं, जमिनीपासून वर असलेलं कपाट सगळ्यात चांगलं. डांबराच्या गोळ्या फोटोशेजारी ठेवू नका. पावसाळा संपला की दसऱ्याच्या सुमारास एकदा खोकं उघडून बघा, पण उन्हात वाळत घालू नका.

फ्रेम करायचीच असेल तर प्रतीची करा. मूळचीच हवी असेल तर काच आणि फोटो यांच्यात माउंटची जाडी सोडून घ्या, मागे प्लायवूड नको, आणि उन्हाच्या भिंतीवर नको. फ्रेमवाल्याला हे स्पष्ट सांगा. तो घाई करत असेल तर दुसरा बघा.

नाव लिहिणं

फोटोच्या पाठीवर पेननं लिहू नका, शाई पुढच्या बाजूला उतरते. मऊ पेन्सिलीनं लिहायचं तर पुठ्ठ्याच्या कडेला एक क्रमांक, बाकी सगळं वेगळ्या कागदावर. त्या कागदावर तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: फोटोवर प्रत्यक्ष काय आहे, कुणी काय सांगितलं आणि ते कधी सांगितलं, आणि आपण काय अनुमान काढलं. ह्या तीन गोष्टी एकत्र झाल्या की चार पिढ्या पणजीला काळा शालू नेसवत राहतात.

आजींच्या फोटोसाठी आम्ही दोघांनी बसून लिहिलेला कागद असा आहे:

"क्रमांक ४. कॅबिनेट कार्ड, गोल कोपरे, सोनेरी कड. मागे मोडी : वैशाख, तारण. स्टुडिओचं नाव नाही. कठड्याचा पडदा, तिसरा खांब तुटका. मुलगी, नथ डावीकडे, कुंकवाची चिरी, मंगळसूत्र, तोडे, पाटल्या. सांगणारी : पणती, वय ८१, हीच आमची पणजी, असं आईकडून ऐकलं. ख्रिस्ती झाल्याची गोष्ट : घरात ऐकलेली, फोटोत तसं काही नाही. शेजारच्या खिडकीत पाद्री, क्रमांक ५, नाव नाही. अनुमान : १८८४. शालूचा रंग लाल असू शकतो, फोटोवरून ठरत नाही."

शेवटची ओळ आजींनी मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "लाल असू दे. पण तू लिहिलंस तेच राहू दे." प्रतीला त्यांनी सागवानी फ्रेम सांगितली, एक इंची, बिनपॉलिशची.